माटुंग्याची टाकी आणि अहमदपूरच्या तुराट्या

१८९१ साली पोवाड्यांचा एक मोठा संग्रह छापून आला. गोंधळ्यांच्या तोंडून पोवाडे उतरवून घेण्याचे कष्ट शंकर तुकाराम शाळिग्रामांचे. त्यांच्या नावाशेजारी नाव होते एच. ए. अ‍ॅकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अ‍ॅकवर्थसाहेब एवढ्यापुरते भेटतात आणि निघून जातात. पण हेच साहेब तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आणि शहरात भीक मागत फिरणाऱ्या बेघर कुष्ठरोग्यांसाठी १८९० साली माटुंग्याला आश्रम उभा राहिला तो त्यांच्या पुढाकाराने. वडाळ्याला आज त्यांच्या नावाचे कुष्ठरोग रुग्णालय आहे, ते हेच.

आश्रम झाला, माणसे आली आणि त्यांच्या मैल्याचे काय करायचे हा प्रश्न लगोलग आला. विलायतेत एक्झेटर गावी डोनाल्ड कॅमेरून यांनी १८९५-९६च्या सुमारास झाकलेली सेप्टिक टाकी बांधली होती आणि तीत साठणाऱ्या वायूवर दिवे लावून दाखवले होते. मुंबई म्युनिसिपालिटीचे ड्रेनेज इंजिनीअर सी. सी. जेम्स यांनी १८९७च्या सुमारास तोच प्रयोग माटुंग्याच्या आश्रमात केला. मैला आणि सांडपाणी बंद टाकीत सोडायचे, वर साठणारा वायू नळीने काढून घ्यायचा आणि उरलेले पाणी शेतीला द्यायचे. त्या वायूवर दिवे लागले, चूल पेटली आणि एक इंजिनही चालले. ज्या माणसांची सावलीही शहराला नको होती, त्यांच्या संडासावर हिंदुस्थानात पहिल्यांदा यंत्र फिरले.

बायोगॅसवरच्या कितीतरी पुस्तकांत या टाकीचे साल १८५९ छापलेले असते. एकाने लिहिले, पुढच्यांनी उतरवून घेतले. आश्रमच मुळी १८९० सालचा, तर त्याची टाकी एकतीस वर्षे आधी कुठून येणार?

माटुंग्याला इंजिन धडधडत होते तेव्हा आमचे अहमदपूर निजामाच्या मुलखात, बीदर जिल्ह्यात होते. बालाघाटच्या डोंगररांगेवरचे गाव, मन्याड नदीचे खोरे, काळी आणि बरड अशी दोन्ही प्रकारची जमीन. मुंबईची बातमी इथे यायला आणि तिचे लोखंड यायला फार वर्षे जायची होती. पण या गोष्टीचा शेवट मला इथेच बघायचा आहे, कारण सूक्ष्मजीवांकडून इंधन करून घ्यायचे तर त्यांना जे खायला घालायचे ते इथे बांधाबांधावर पडलेले आहे.

आतली पंगत

टाकीत नेमके काय चालते, हे समजायला गोबरगॅसच्या तोंडाशी उभे राहावे. सकाळी शेण आणि पाणी बरोबरीने कालवायचे. काडीकचरा आणि गोटे हाताने वेचून काढायचे, नाहीतर पाइप तुंबतो. काला सारखा झाला की बोळा उपसायचा. काला गडगडत खाली जातो आणि पलीकडच्या तोंडातून तेवढीच जुनी, वास गेलेली स्लरी बाहेर पडते. विहिरीसारख्या खड्ड्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी रात्रीतून वर आलेली असते. भाकरी होतील तशी ती खाली बसत जाते.

आत पंगती उठत असतात. पहिल्या पंगतीचे जीवाणू शेणातले धागे तोडून त्यांची साखर करतात. दुसरी पंगत त्या साखरेचे आम्ल करते. शेवटची पंगत मिथेन करणाऱ्यांची. त्यांना हवा चालत नाही आणि थंडी पडली की ते सुस्तावतात. इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली मॅजोरे तळ्याच्या गाळातला पेटणारा वायू धरला, तो यांचाच. मात्र हे मिथेनवाले साध्या जीवाणूंच्या कुळातलेच नाहीत, त्यांचे घराणे वेगळे, हे कार्ल वूज यांनी १९७७मध्ये दाखवले. तोवर आपण त्यांच्याकडून काम घेत होतो आणि त्यांचे आडनाव चुकीचे सांगत होतो.

मैल्याकडून शेणाकडे ही वाट हिंदुस्थानात वळली ती दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत. तिथे १९३९च्या आसपास एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून गॅसचे प्रयोग केले. १९५१मध्ये जशभाई पटेल यांनी खाली खड्डा आणि वर तरंगती लोखंडी टाकी असा ‘ग्रामलक्ष्मी’ नमुना पुढे आणला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला खादी ग्रामोद्योग आयोगाने तो उचलला आणि तीच टाकी गावोगाव गेली. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे दावणीला हवीत.

वास कुणाचा?

शेणाला आपल्याकडे कुणी नाक मुरडत नाही. अंगण त्याच्यानेच सारवतो. मैल्याची गोष्ट निराळी. तिथे जंतूंच्या आधी जात आडवी येते.

हे ओळखलेला माणूस म्हणजे कोकणचे गांधी आप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. तुरुंगाने ते नाकारले, म्हणून त्यांनी अन्न कमी केले. त्यांना पाठिंबा म्हणून ३ डिसेंबर १९३२ला येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास मांडला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पा संडासांच्या रचनेवर आणि मैल्याच्या खतावर व गॅसवर प्रयोग करत राहिले. डोक्यावरून मैला वाहून नेणे थांबवायचे असेल तर मैल्याला किंमत आणली पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांच्याकडून शिकलेले डॉक्टर म्हणजे सु. वि. मापुसकर. १९५९ साली ते देहूच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तुकोबांच्या गावात तेव्हा लोक उघड्यावर जात. डॉक्टरांनी हौसेने बांधून घेतलेले पहिले संडास पावसाळ्यात ढासळले. मग त्यांनी रचना बदलली, घरोघर जाऊन समजावले आणि पुढे संडासाला जोडलेला ‘मलप्रभा’ नावाचा गॅस प्रकल्प तयार केला. मैल्यावरचा गॅस म्हटले की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : त्यावर शिजवलेला भात देवाला चालेल का? निळ्या ज्योतीला वास नसतो, हे शास्त्र एका वाक्यात सांगून संपते. मापुसकरांची त्यात हयात गेली. २०१५ साली ते वारले आणि २०१७मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

घागरभर पाणी

१९५६ साली अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबादला जोडले गेले. १९८२मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. दरम्यान १९७२चा दुष्काळ येऊन गेला होता. लोक खडी फोडायला गेले आणि दावणीची जनावरे मिळेल त्या भावाने बाजारात गेली. १९८१-८२मध्ये केंद्राची राष्ट्रीय बायोगॅस योजना सुरू झाली, अनुदान आले आणि आमच्या भागातल्या वाड्यांतही टाक्या बसल्या.

आमच्या एका चुलतीच्या परड्यात अशी टाकी होती. माझ्या आठवणीत ती चालू अशी दोन-तीन वर्षेच. नंतर तिच्यावर कोंबड्या बसत. पत्रा गंजून भोके पडली होती. का बंद पडली, म्हणून एकदा विचारले, तर चुलती म्हणाली, “अरं बाबा, ढोराला पानी, माणसाला पानी, अन् वरून त्येला रोज पानी पाजावं लागतं. हिरीचा तळ दिसायलाय. त्येला कुठून पाजू?”

पन्नास किलो शेणाला पन्नास लिटर पाणी. कागदावर ‘एकास एक’ लिहिणाऱ्याला ते प्रमाण वाटते. ज्या बाईच्या डोक्यावर घागर आहे, तिला त्या तीन-चार खेपा असतात. ओल्या गोठ्याच्या कोल्हापुरात गोबरगॅस टिकला आणि मराठवाड्यात परड्यापरड्यांत गंजला, यात जंतूंचा काही दोष नव्हता. पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले, सिलिंडर आले आणि खड्डे बुजले.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी मात्र या टाकीला एक मूलभूत प्रश्न विचारला. महर्षी कर्व्यांचे हे नातू वनस्पतिशास्त्रज्ञ. गाय जे पचवू शकली नाही तेच शेणात उरते, मग तेच जंतूंना पुन्हा का वाढायचे? शेणातून जंतू घ्यावेत आणि त्यांना अन्न मात्र चांगले द्यावे. २००३ साली त्यांच्या ‘आरती’ संस्थेने घराच्या गच्चीवर मावेल असा छोटा प्रकल्प केला. त्याला खरकटे, खराब पीठ आणि सडकी फळे चालत. जिथे शेण चाळीस किलो लागे, तिथे पिष्टमय अन्न एक-दोन किलोत काम करी आणि गॅसही दिवसात निघे. २००६मध्ये या कामाला इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. जंतू तेच होते, बदलले होते ते पंगतीतले वाढप.

मिरजेचे दोन वॅगन

दुसरी वाट मळीची. उसाचा रस आटवून साखर काढली की काळी चिकट मळी उरते. तिच्यात जवळपास निम्मी साखर असते, पण तिचे दाणे होत नाहीत. यीस्ट ती खाते आणि अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, देते. एक टन मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर. या विद्येत महाराष्ट्राचा हात धरणारे थोडेच. १९७५ साली स्थापन झालेली आणि पुढे वसंतदादांचे नाव लागलेली मांजरीची साखर संस्था आणि प्रमोद चौधरींची प्राज इंडस्ट्रीज, दोन्ही पुण्याची.

हे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळून चालते का, हे पाहायला २००१ साली देशात जी तीन ठिकाणे निवडली, त्यांतली दोन महाराष्ट्रात होती : मनमाड आणि मिरज. २००३पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. पुढे लक्ष्य वाढत वाढत वीस टक्क्यांवर गेले. साखर कारखान्याच्या शेजारी इथेनॉलचे मनोरे उभे राहिले. आमच्या तालुक्यातही उजना गावी कारखाना आहे आणि दिवाळीनंतर रस्त्याने उसाच्या बैलगाड्या व ट्रॉल्यांची रांग लागते.

मिरज हे नाव लातूरकरांच्या मनात मात्र दुसऱ्याच कारणाने कोरलेले आहे. २०१६च्या उन्हाळ्यात लातूर शहर कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ला पहाटे ‘जलदूत’ गाडी आली. दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती आली मिरजेहून. एकेकाळी ज्या मार्गाने बार्शी लाइटची छोटी गाडी मिरज-लातूर ये-जा करायची, त्याच वाटेने.

पंधरा वर्षांपूर्वी मिरजेहून उसाचे इंधन निघाले होते आणि आता तिथूनच उसाच्या जिल्ह्याला प्यायचे पाणी येत होते. जंतूला तहान फारशी नसते, उसाला असते. डिसेंबर २०२३मध्ये पाऊस कमी आणि ऊस कमी म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉलवर अचानक बंदी घातली आणि आठवडाभरात ती थोडी सैल केली, तेव्हा हाच हिशेब पुन्हा वर आला. पाणी पिणाऱ्या पिकाऐवजी पीक काढून झाल्यावर उरते त्यावर भागेल का?

कुडाची भिंत

उरते ते आमच्याकडे भरपूर. माघ-फाल्गुनात तूर बडवून झाली की बांधावर तुराट्यांचे ढीग लागतात. कापसाची पऱ्हाटी, सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट. या सगळ्यांत साखर आहे, फक्त कुलपात आहे.

ते कुलूप कसे असते, हे ज्याने कुडाचे घर पाहिले त्याला सांगावे लागत नाही. उभ्या तुराट्या, त्यांना आडव्या बांधणाऱ्या काड्या आणि वरून शेणमातीचे लिंपण. काडीच्या आतही हेच आहे. उभे धागे सेल्युलोजचे, त्यांना जखडणारे हेमिसेल्युलोज आणि वरून लिग्निनचे लिंपण. आधी लिंपण उकलायचे, मग बांध सोडायचे, मग धागे साखरेत विरघळवायचे. पण बांध सोडल्यावर जी साखर निघते ती पाच कार्बनांची, झायलोज. आपल्या भट्टीतली यीस्ट सहा कार्बनांच्या साखरेवर वाढलेली. झायलोजचे ताट तिच्यापुढे ठेवले तर ती हात लावत नाही. म्हणजे काडीतला मोठा वाटा पंगतीतून तसाच उठतो.

इथे माणसाने जंतूच्या जनुकांत हात घातला. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातले लॉनी इन्ग्रॅम यांनी उलटा विचार केला. आपल्या आतड्यातला ई. कोलाय पाच कार्बनांची साखर आनंदाने खातो, पण दारू करत नाही. मेक्सिकोतल्या पुल्के नावाच्या दारूत आणि ताडीत सापडणारा झायमोमोनास नावाचा जीवाणू फर्डा दारू करणारा, पण त्याची जीभ चोखंदळ. इन्ग्रॅम यांनी दुसऱ्याची जनुके पहिल्यात बसवली. १९ मार्च १९९१ला त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक होता ५०,००,०००, पन्नास लाखावे. १९९३मध्ये पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी खुद्द यीस्टलाच झायलोज खायला शिकवले.

असा घडवलेला जीव कुणाच्या मालकीचा, हा वाद त्याआधीच निकालात निघाला होता आणि तोही एका बंगाली माणसामुळे. बीरभूम जिल्ह्यातून गेलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी १९७१च्या सुमारास अमेरिकेत कच्च्या तेलाचे घटक खाणारा सुडोमोनास तयार केला. १६ जून १९८०ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, माणसाने घडवलेल्या जीवाला पेटंट मिळू शकते. एका न्यायाधीशाच्या फरकाने हा सगळा व्यापार उभा राहिला.

मराठवाड्याला ‘जनुक’ शब्द परका नाही. बोंडअळीवर उतारा म्हणून मातीतल्या जीवाणूचे जनुक कपाशीत घातलेले बीटी बियाणे २००२ साली बाजारात आले, ते जालन्याच्या महिको कंपनीकडून. पहिली काही वर्षे अळी हटली. २०१७मध्ये गुलाबी बोंडअळी महाराष्ट्रभर परतली. त्यामुळे बदललेल्या जनुकाची जाहिरात कुणी करू लागला की आमचा शेतकरी ऐकतो सगळे, पण हिशेब हंगाम संपल्यावर मांडतो. इथेनॉलचे घडवलेले जंतू बंद टाकीतले. शेतात त्यांना सोडायचे नसते. तरी कायद्याने तेही घडवलेल्या जीवांसाठीच्या १९८९च्या नियमांखाली येतात.

पुन्हा माटुंगा

आता ही गोष्ट जिथून निघाली तिथे परत येते. अ‍ॅकवर्थ रुग्णालयापासून फार दूर नाही, माटुंग्यालाच, रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटी. तिथल्या जैवऊर्जा केंद्रात प्रा. अरविंद लाली यांच्या गटाने काडीकचऱ्यापासून इथेनॉलची रीत बसवली. २०१६मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला रोज दहा टन काडी पचवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. प्राजच्या तंत्रज्ञानावर इंडियन ऑइलने हरियाणात पानिपतला मोठा कारखाना बांधला आणि १० ऑगस्ट २०२२ला तो राष्ट्राला अर्पण झाला. तिथल्याच रिफायनरीतून निघणाऱ्या वायूंवर इथेनॉल करणारा प्रकल्पही उभारला गेला. तिथला क्लॉस्ट्रिडियम जीवाणू मुळात सशाच्या लेंडीत सापडलेला. त्याच जातीत जनुके बदलून २०२२मध्ये लांझाटेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच्याकडून अ‍ॅसिटोनही करून घेतले.

विद्या सिद्ध झाली आहे. आता अहमदपूरच्या बाजूने हिशेब करू. पानिपतचा आराखडा वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्याचा आणि तीन कोटी लिटर इथेनॉलचा. म्हणजे टनाला दीडशे लिटर. म्हणजे रोज साडेपाचशे टन पेंढा. एका ट्रॉलीत दोन टन बसतो असे धरले तर रोज पावणेतीनशे ट्रॉल्या, वर्षभर, पावसाळ्यातसुद्धा. तिकडे भाताचा पेंढा हजारो एकर एकसारखा, यंत्राने कापलेला, एरवी जाळून टाकायचा. इकडे दोन-चार एकरांचे तुकडे, त्यात तुरीच्या ओळी सोयाबीनमध्ये, आणि काडी वेचायची ती हाताने.

आणि तुराटी खरेच टाकाऊ आहे का? तिचे कूड होतात, झाप होतात, परड्याला कुंपण होते. सिलिंडर महाग झाला की चुलीत तीच जाते. तिला ‘कचरा’ म्हणतो तो तिच्यावर भाकरी न भाजणारा. कारखाना आला तर त्याला ती विकत घ्यावी लागेल आणि चुलीपेक्षा चढा भाव द्यावा लागेल.

सव्वाशे वर्षांचा हा इतिहास उलटून पाहिला की जंतूची तक्रार कुठेच सापडत नाही. माटुंग्याला त्याने इंजिन फिरवले, देहूला चूल पेटवली, पुण्याच्या गच्चीवर खरकटे खाल्ले, झायलोजही शिकला. अडले ते सोवळ्यावर, घागरीवर आणि आता ट्रॉलीवर.

जेम्ससाहेबांची टाकी आश्रमातच होती आणि इंजिनही तिथेच. मैल्याला कुठे लांब चालावे लागले नाही. अहमदपूरला आजही रेल्वे नाही. चुलतीच्या परड्यातला तो खड्डा अजून तसाच आहे, पालथी टाकी भंगारात गेली. यंदाच्या तुराट्यांच्या मोळ्या त्या खड्ड्याच्या कठड्याला टेकवून ठेवल्या आहेत, चुलीसाठी.